नाकात मांस का वाढते? उत्तराची सुरुवात करणारे पॉल एर्लिख कोण होते?

सीबीसी रिपोर्टमध्ये 'इओसिनोफिल' अशी एक ओळ असते. महिनोन्‌महिने नाक चोंदलेले असेल, तर डॉक्टर अनेकदा तो आकडा आवर्जून पाहतात. या पेशीचे नामकरण जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी केले.

कापडाचे रंग, रक्ताच्या पेशी

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी स्ट्रेलेन येथे झाला. तेव्हा प्रशियात असलेले हे गाव आज पोलंडमध्ये आहे. कापडासाठी तयार झालेले कृत्रिम रंग पेशींवर टाकून पाहायचे वेड त्यांना विद्यार्थिदशेतच लागले.

१८७८च्या प्रबंधात त्यांनी कणांनी गच्च भरलेल्या 'मास्ट' पेशींचे वर्णन केले. या पेशी चांगल्या पोसलेल्या असाव्यात, असे वाटून त्यांनी हे नाव दिले. अंदाज चुकला. त्या कणांत शिंका आणणारे हिस्टामाइन असते, हे पुढे कळले. नाव मात्र टिकले!

१८७९मध्ये इओसिन हा रंग टाकल्यावर रक्तातल्या काही पेशींचे कण लालभडक झाले. इओसिन ओढून घेणारी म्हणून ती इओसिनोफिल. ती शरीरात नेमके काय करते, हे मात्र तेव्हा माहीत नव्हते.

नाकात काय घडते?

नाकात वाढणाऱ्या मांसाला, म्हणजे पॉलिपला, बऱ्याच रुग्णांत हीच पेशी सापडते. तिला कामाला लावतात ती दाह वाढवणारी प्रथिने. इंटरल्यूकिन-५ अस्थिमज्जेत या पेशींची संख्या वाढवते आणि त्यांना लवकर मरू देत नाही. इंटरल्यूकिन-४ आणि १३ त्यांना रक्तातून नाकाच्या अस्तरात येण्यास मदत करतात. सूज वाढते, वास येईनासा होतो. ऑपरेशनने मांस निघते, प्रथिनांचे चक्र थांबतेच असे नाही. म्हणून काहींना पुन्हा त्रास होतो.

एर्लिख यांची दुसरी देणगी

पेशीवर ठरावीक पदार्थच अडकतील अशा जागा असतात, ही कल्पना एर्लिख यांनी मांडली. रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी त्यांना १९०८चे नोबेल विभागून मिळाले. १९१०मध्ये त्यांचे सिफिलिसवरील औषध साल्व्हर्सान बाजारात आले. २० ऑगस्ट १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.

आजचे डुपिलुमॅब हे इंजेक्शन इंटरल्यूकिन-४ आणि १३ जिथे अडकतात, ती जागाच अडवते. अमेरिकेत २०१९मध्ये ते पॉलिपसाठी मंजूर झाले. इंटरल्यूकिन-५ला पकडणाऱ्या मेपोलिझुमॅबला २०२१मध्ये मंजुरी मिळाली. ही औषधे महाग आहेत आणि सगळ्यांसाठी नाहीत, कारण प्रत्येक पॉलिपमध्ये इओसिनोफिलची गर्दी नसते.

ती आहे का, हे पाहायला काढलेला तुकडा लॅबमध्ये जातो. तिथे त्यावर आजही इओसिनच टाकतात.