मासाताका ताकेत्सुरू

मासाताका ताकेत्सुरू (जन्म : २० जून १८९४, ताकेहारा, हिरोशिमा प्रांत; मृत्यू : २९ ऑगस्ट १९७९) हे जपानी मद्यनिर्माते व उद्योजक होते. त्यांना जपानी व्हिस्कीचे जनक मानले जाते. निक्का या कंपनीची व होक्काइदो बेटावरील योइची आसवनीची स्थापना त्यांनी केली.

सुरुवातीचे जीवन व शिक्षण

ताकेत्सुरू घराण्याचा साके म्हणजे तांदळाचे मद्य बनवण्याचा व्यवसाय १७३३ सालापासून चालत आला होता. ओसाका येथे मद्यनिर्मितीचे शिक्षण घेऊन मासाताका सेत्सु शुझो या कंपनीत रुजू झाले. कंपनीने १९१८ साली त्यांना स्कॉटलंडला पाठवले. ग्लासगो विद्यापीठात रसायनशास्त्राचा अभ्यास करीत असतानाच त्यांनी लाँगमॉर्न, बोनेस व हेझलबर्न येथील आसवनींमध्ये उमेदवारी केली आणि तेथील प्रक्रियांची वह्यांमध्ये तपशीलवार नोंद केली. १९२० साली त्यांनी जेसी रॉबर्टा ऊर्फ रीटा काउअन हिच्याशी विवाह केला व त्याच वर्षी ते जपानला परतले.

यामाझाकी

आर्थिक मंदीमुळे सेत्सु शुझोने व्हिस्कीचा बेत सोडून दिला. १९२३ साली शिंजिरो तोरी यांनी त्यांना आपल्या कोतोबुकिया (नंतरची सनटोरी) कंपनीत घेतले. क्योतो व ओसाका यांच्या दरम्यान यामाझाकी येथे जपानमधील पहिली माल्ट व्हिस्की आसवनी त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. मात्र १९२९ साली बाजारात आलेली तिची पहिली व्हिस्की जपानी ग्राहकांना फार धुरकट वाटली व ती खपली नाही. पुढे ताकेत्सुरू यांना बिअरच्या कारखान्यावर नेमण्यात आले. १९३४ साली त्यांनी कंपनी सोडली.

योइची आसवनी

थंड व दमट हवा, स्वच्छ पाणी, जवळपास मिळणारे पीट व कोळसा यांमुळे त्यांनी योइचीची निवड केली. व्हिस्की पिंपात मुरण्यास अनेक वर्षे लागतात. तोवर खर्च भागावा म्हणून कंपनीने स्थानिक सफरचंदांचा रस विकला. कंपनीचे मूळ नावही दाइ निप्पोन काजू, म्हणजे 'महान जपान फळरस' असे होते. निप्पोन व काजू या शब्दांच्या आद्याक्षरांवरून निक्का हे नाव पडले. योइचीची पहिली व्हिस्की १९४० साली विक्रीस आली. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या मागणीमुळे कारखाना टिकला. रीटा यांनी जपानी नागरिकत्व घेतलेले असूनही त्यांना मात्र संशयाचा सामना करावा लागला.

योइची येथे तांब्याची ऊर्ध्वपातन पात्रे आजही थेट कोळशाच्या आचेवर तापवली जातात. त्यामुळे तेथील व्हिस्की दाट व धुरकट चवीची होते. वेगळ्या, सौम्य चवीच्या माल्टसाठी ताकेत्सुरू यांनी १९६९ साली सेंदाईजवळ मियागिक्यो आसवनी सुरू केली.

मृत्यू व वारसा

रीटा यांचे १९६१ साली, तर ताकेत्सुरू यांचे वयाच्या ८५व्या वर्षी निधन झाले. दोघांची समाधी योइची येथे आहे. त्यांच्या जीवनावर आधारित 'मास्सान' ही मालिका एनएचके वाहिनीने २०१४-१५ मध्ये प्रसारित केली.