टीपकागदावर उरलेले सत्य : लाझारो स्पालान्झानी

लग्नानंतर काही वर्षांत पाळणा हलला नाही की घराघरांत पहिले बोट सुनेकडे वळते. नवससायास तिनेच करायचे, उपासतापास तिनेच करायचे आणि डॉक्टरांची पायरीही आधी तिनेच चढायची, असा रिवाज वर्षानुवर्षे चालत आला आहे. दोष पतीकडे असू शकतो ही शक्यता विचारात येते ती बहुधा सर्वांत शेवटी. याचे एक कारण असे की, पुरुषांमधील काही दोष बाहेरून मुळीच दिसत नाहीत. पुरुष धडधाकट असतो, वैवाहिक संबंध सुरळीत असतात, वीर्यही नेहमीसारखेच दिसते. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली त्या वीर्यात एकही शुक्राणू आढळत नाही. वैद्यकशास्त्र या अवस्थेला 'अझूस्पर्मिया' म्हणजेच अशुक्राणुता म्हणते. सर्व पुरुषांपैकी सुमारे १ टक्का आणि वंध्यत्वाच्या तपासणीसाठी येणाऱ्या पुरुषांपैकी १० ते १५ टक्के जणांमध्ये ती आढळते.

वीर्य असणे आणि शुक्राणू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा प्रायोगिक पुरावा प्रथम ज्यांच्या हाती आला ते लाझारो स्पालान्झानी हे अठराव्या शतकातील एक इटालियन धर्मगुरू होते. मात्र या पुराव्याचा अर्थ त्यांना स्वतःला अखेरपर्यंत उमगला नाही.

स्पालान्झानी यांचा जन्म जानेवारी १७२९ मध्ये उत्तर इटलीतील स्कांदियानो या गावी झाला. वडील वकील होते आणि मुलानेही तोच व्यवसाय पत्करावा अशी त्यांची इच्छा होती. रेज्जिओ येथील जेझुइट महाविद्यालयात प्रारंभीचे शिक्षण घेतल्यानंतर तरुण लाझारो कायद्याच्या अभ्यासासाठी बोलोन्याला गेले. तेथे त्यांच्या नात्यातील लाउरा बास्सी भौतिकशास्त्र शिकवत होत्या. युरोपातील विद्यापीठात अध्यापनाचा मान मिळवणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक होत. त्यांच्या सहवासात या विद्यार्थ्याचे मन कायद्यावरून उडाले आणि निसर्गाच्या अभ्यासाकडे वळले. अखेर वडिलांचीही समजूत पटली. पुढे स्पालान्झानी यांनी धर्मदीक्षा घेतली. चर्चशी असलेल्या या संबंधामुळे त्यांना चरितार्थाचा आधार आणि संशोधनासाठी सवड, दोन्ही मिळाले.

रेज्जिओ आणि मोदेना येथे अध्यापन केल्यानंतर १७६९ साली ते पाव्हिया विद्यापीठात निसर्गेतिहासाचे प्राध्यापक झाले. तो प्रदेश त्या वेळी ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया थेरेसा यांच्या अधिपत्याखाली होता. मृत्यूपर्यंत पुढील तीस वर्षे पाव्हिया हीच त्यांची कर्मभूमी राहिली.

मिळेल त्या विषयात प्रयोग करून पाहण्याची त्यांची वृत्ती होती. कुजणाऱ्या पदार्थांतून सूक्ष्म जीव आपोआप निर्माण होतात, हे इंग्रज अभ्यासक नीडहॅम यांचे मत त्यांनी १७६५ साली खोडून काढले. काचेच्या कुप्यांत रस्सा भरून, तोंडे वितळवून बंद करून त्या दीर्घकाळ उकळल्यास आत काहीच उपजत नाही, असे त्यांनी दाखवले. अन्नपचन कसे होते हे पाहण्यासाठी त्यांनी अन्न भरलेल्या कापडी पिशव्या स्वतः गिळल्या आणि जठरातील रसच अन्न विरघळवतो हे सिद्ध केले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, १७९३-९४ मध्ये, वटवाघूळ डोळ्यांविना अंधारात वावरू शकते, मात्र कान बंद केल्यास धडपडते, असे त्यांनी नोंदवले.

या साऱ्यांत सर्वांत खोल पाणी होते ते प्रजननाच्या प्रश्नाचे. हॉलंडमधील डेल्फ्टचे कापडव्यापारी आंतोनी फान लेव्हेनहूक यांनी स्वतः घासलेल्या भिंगांतून वीर्यातील वळवळणारे जीव १६७७ साली पाहिले होते. हे जीव करतात काय, याचा उलगडा मात्र पुढील शंभर वर्षांत झाला नव्हता. काही विद्वानांच्या मते गर्भ आधीपासून शुक्राणूतच असतो, तर काहींच्या मते तो स्त्रीच्या अंड्यात सूक्ष्म रूपात तयारच असतो. दुसऱ्या मताच्या लोकांना शुक्राणू हे वीर्यात राहणारे निरुपयोगी परोपजीवी वाटत. स्पालान्झानी याच पक्षाचे होते. ज्यांच्याशी त्यांचा अनेक वर्षे पत्रव्यवहार होता ते जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बॉने हे या मताचे मोठे पुरस्कर्ते होते.

अभ्यासासाठी स्पालान्झानी यांनी बेडूक निवडला. बेडकाची मादी पाण्यात अंडी सोडते आणि तिला वरून कवटाळून बसलेला नर त्याच वेळी त्यांवर वीर्य सोडतो. शरीराबाहेर घडणारी ही क्रिया उघड्या डोळ्यांनी पाहता येते. फ्रान्समधील रेओम्युर आणि नोले यांनी पूर्वी करून पाहिलेल्या एका युक्तीचा आधार घेऊन त्यांनी नर बेडकांना मेण लावलेल्या रेशमी कापडाच्या चड्ड्या शिवून घातल्या. नर मादीला बिलगले, मादीने अंडी सोडली. पण एकाही अंड्यातून बेडूकमासा बाहेर आला नाही. चड्डीत साठलेले थेंब अंड्यांना लावताच मात्र अंडी वाढू लागली.

वीर्यातून निघणारी अदृश्य वाफ गर्भधारणा घडवते, असाही एक समज त्या काळी होता. स्पालान्झानी यांनी एका काचेत वीर्य ठेवले आणि दुसऱ्या काचेला अंडी चिकटवून ती वर पालथी घातली. अंड्यांवर वाफेचे दव जमले, पण अंडी फळली नाहीत. तीच अंडी वीर्यात बुडवताच फळली. प्रत्यक्ष स्पर्शाखेरीज फलन नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

त्यानंतर त्यांनी पाण्यात मिसळलेले वीर्य टीपकागदातून गाळून पाहिले. जितके अधिक कागद वापरावेत तितकी खाली उतरणाऱ्या द्रवाची शक्ती कमी होत गेली आणि पुरेशा कागदांतून गाळल्यावर ती नाहीशी झाली. मग वापरलेले कागद पाण्यात पिळून ते पाणी अंड्यांवर टाकताच अंडी फलित झाली. वीर्याचे सामर्थ्य त्याच्या पातळ भागात नसून कागदावर अडकलेल्या भागात आहे, हे त्यांच्या डोळ्यांसमोर होते. गाळून उरलेला तो निष्फळ द्रव म्हणजे प्रयोगशाळेत तयार झालेली अशुक्राणुताच होती, असे आज म्हणता येते.

मग निष्कर्ष का चुकला? ज्या थेंबांत शुक्राणू दिसत नाहीत अशी त्यांची खात्री झाली होती, त्या थेंबांनीही काही प्रयोगांत अंडी फलित झाल्याचे त्यांनी नोंदवले होते. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाच्या मर्यादा पाहता, त्या थेंबांत थोडे शुक्राणू असावेत आणि ते नजरेतून सुटले असावेत, असाच अर्थ आज लावला जातो. परंतु गर्भ अंड्यातच असतो या त्यांच्या मूळ श्रद्धेला ही नोंद अनुकूल होती. त्यामुळे कागदावर अडकते ते दुसरेच काही द्रव्य, असे मानून ते मोकळे झाले.

असे असले तरी त्यांच्या प्रयोगांचे व्यावहारिक फळ मोठे होते. १७८० च्या सुमारास त्यांनी माजावर येऊ घातलेली एक कुत्री कोंडून ठेवली आणि योग्य वेळी कुत्र्याचे वीर्य शरीराच्या उष्णतेइतक्या कोमट पिचकारीने तिच्या गर्भाशयात सोडले. ६२ दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली. सस्तन प्राण्यातील कृत्रिम रेतनाचा हा पहिला नोंदवलेला यशस्वी प्रयोग मानला जातो. बर्फात थंड केलेले शुक्राणू निपचित पडतात आणि ऊब मिळताच पुन्हा हालू लागतात, हेही त्यांनी १७७६ साली नमूद केले होते.

कीर्तीबरोबर मत्सरही आला. कॉन्स्टँटिनोपलच्या प्रवासाहून १७८६ साली परतलेल्या स्पालान्झानी यांच्यावर विद्यापीठाच्या संग्रहालयातील वस्तू चोरल्याचा आरोप सहकाऱ्यांनी केला. चौकशीअंती ते निर्दोष ठरले. फेब्रुवारी १७९९ मध्ये पाव्हिया येथे त्यांचे निधन झाले. आपण प्रजननाच्या कोड्याच्या किती जवळ पोहोचलो होतो, याची कल्पना त्यांना अखेरपर्यंत नव्हती.

त्यांच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी, १८२४ साली, प्रेव्हो आणि द्यूमा या संशोधकांनी गाळण्याचा हाच प्रयोग पुन्हा केला आणि शुक्राणूंवाचून फलन नाही असा निष्कर्ष काढला. शुक्राणू हे परोपजीवी नसून वृषणातील पेशींपासूनच तयार होतात, हे कोलिकर यांनी १८४१ साली दाखवले. समुद्री अर्चिनच्या अंड्यात शुक्राणू आणि अंडे यांची केंद्रके एकत्र येताना हर्टविग यांनी पाहिली ती १८७० च्या दशकात.

आज अशुक्राणुतेचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारात वृषणात शुक्राणू तयार होतात, पण त्यांची वाट अडलेली असते. नसबंदी, जंतुसंसर्ग, क्षयरोग किंवा जन्मतःच शुक्रवाहिनी नसणे ही त्याची कारणे होत. वीर्यातील बहुतांश द्रव वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींतून येत असल्याने वाट बंद असूनही वीर्य येतच राहते. दुसऱ्या प्रकारात वृषणातील निर्मितीच खुंटलेली असते. एक जादा एक्स गुणसूत्र असणे, वाय गुणसूत्राचा काही भाग गळालेला असणे, लहानपणी वृषण खाली न उतरणे, गालगुंडाच्या आजारात वृषणाला सूज येणे, कर्करोगावरील औषधे अशी त्याची अनेक कारणे आहेत. मेंदूतील पीयूषिका ग्रंथीची संप्रेरके कमी पडल्यामुळे निर्मिती थांबली असेल, तर काही महिन्यांच्या इंजेक्शनांनी ती पुन्हा सुरू होऊ शकते. याउलट, शक्तिवर्धक म्हणून परस्पर घेतलेले टेस्टोस्टेरॉन शुक्राणूंची निर्मितीच दाबून टाकते, हे अनेकांना ठाऊक नसते.

निदानासाठी एक तपासणी पुरत नाही. किमान दोन वेळा नमुना घेऊन, तो यंत्रात वेगाने फिरवून तळाशी बसलेला साका सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने पाहावा लागतो. साध्या थेंबात न दिसलेले मोजके शुक्राणू कधी कधी त्या साक्यात सापडतात. स्पालान्झानी यांची चूक नेमकी येथेच झाली होती.

उपचारांत मोठे वळण आले ते १९९२ साली. ब्रुसेल्स येथील संशोधकांनी एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडून गर्भधारणा घडवल्याचे जाहीर केले. 'इक्सी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत कोट्यवधी शुक्राणूंची गरज उरली नाही. वाट अडलेल्या रुग्णांत शुक्राणू थेट वृषणातून काढून वापरता येऊ लागले. काहींमध्ये शस्त्रक्रियेने वाटही मोकळी करता येते. निर्मिती खुंटलेल्या रुग्णांतही सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने वृषणाचा भाग तपासला असता सुमारे निम्म्या जणांत थोडे शुक्राणू मिळतात. वाय गुणसूत्राचे काही विशिष्ट भाग संपूर्ण गळालेले असतील, तर मात्र ते मिळण्याची आशा जवळपास नसते. म्हणून शस्त्रक्रियेआधी गुणसूत्रांची तपासणी आवश्यक ठरते. सर्व उपाय थकले तर दात्याचे शुक्राणू किंवा दत्तक मूल हे मार्ग खुले राहतात. कर्करोगाचे उपचार सुरू होण्यापूर्वी शुक्राणू गोठवून ठेवण्याची सोयही आता आहे.

हे सारे मार्ग सुरू होतात ते पतीच्या वीर्यतपासणीपासून. ती साधी आहे, तिला चिरफाड लागत नाही आणि पत्नीला कराव्या लागणाऱ्या अनेक तपासण्यांपेक्षा ती कितीतरी सोपी आहे. तरीही संकोचापायी आणि पुरुषात दोष नसतोच या समजापायी ती लांबणीवर पडते आणि तोवर पत्नीच्या वयाची मोलाची वर्षे निघून जातात. आधीच ठरवून टाकलेल्या उत्तरामुळे स्पालान्झानी यांच्यासारख्या काटेकोर प्रयोगकर्त्यालाही समोरचे सत्य दिसले नाही. मूल का होत नाही याचे उत्तर तपासणीआधीच ठरवून टाकणाऱ्या घरांतही तेच घडते आणि त्याची किंमत बहुतेक वेळा त्या घरच्या सुनेला मोजावी लागते.