विश्लेषण : फॉन्ट नव्हते तेव्हा समर्थ रामदासांनी अक्षरासाठी कोणते नियम घालून दिले?

जुन्या हस्तलिखितांतील वळणदार अक्षरे आता फॉन्ट होऊन मोबाइलवर येत आहेत. पण अक्षर वाचकाला सोपे कसे जावे, याचे नियम घनसावंगी तालुक्यात जन्मलेल्या समर्थ रामदासांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले. ते आजही का लागू पडतात?

जांब ते सज्जनगड

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थांचे जन्मगाव. १६०८ मध्ये रामनवमीला सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव नारायण. परंपरा सांगते की, बाराव्या वर्षी बोहल्यावरून ते निघून गेले आणि नाशिकजवळ टाकळीला पोहोचले. तिथे बारा वर्षे उपासना, नंतर बारा वर्षे देशभर भ्रमंती आणि मग कृष्णाकाठी मुक्काम. १६४८ मध्ये त्यांनी चाफळला राममंदिर उभारले. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला सज्जनगडावर त्यांनी देह ठेवला. हीच दासनवमी.

अक्षराची एवढी काळजी का?

तेव्हा देवनागरीत छापलेली मराठी पुस्तके नव्हती. ग्रंथ टिकवायचा आणि मठामठांत पोहोचवायचा, तर हाताने नक्कल करण्यावाचून पर्याय नव्हता. एका नकलेतली चूक पुढच्या प्रत्येक नकलेत उतरायची. समर्थ स्वतः लिहिणारे होते. त्यांच्या हस्ताक्षरातले मानले जाणारे वाल्मीकि रामायण धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपलेले आहे. दासबोध त्यांनी सांगितला आणि शिष्य कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असे परंपरा मानते. २० दशक आणि २०० समासांच्या या ग्रंथात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास केवळ लेखनक्रियेवर आहे.

नियम काय आहेत?

- अक्षर गोलाईदार, सरळ, सुटे आणि काळेभोर असावे.
- पहिल्या पानापासून शेवटपर्यंत जाडी आणि वळण सारखेच राहावे. सगळा ग्रंथ एकाच लेखणीने लिहिल्यासारखा वाटावा.
- आधी पान आखून घ्यावे. एक ओळ दुसऱ्या ओळीला भिडू नये.
- फार बारीक लिहू नये. तरुणपणी ते चालते, म्हातारपणी वाचता येत नाही.
- चारही बाजूंना जागा सोडावी. कागदाच्या कडा झडल्या, तरी अक्षराला धक्का लागू नये.

आजच्या भाषेत हे फॉन्टची जाडी, ओळींतले अंतर, फॉन्ट साइज आणि मार्जिन यांचेच नियम आहेत.

जुने अक्षर फॉन्टमध्ये कसे येते?

जवळचे उदाहरण म्हणजे मुंबईच्या 'एक टाइप'चा 'जैनी' हा फॉन्ट. गिरीश दळवी आणि मैथिली शिंगरे यांनी तो १५०३ मधील कल्पसूत्राच्या हस्तलिखितातील अक्षरांवरून घडवला. गूगल फॉन्ट्सवर तो मोफत मिळतो. अशा कामात पानांची छायाचित्रे नुसती गिरवून भागत नाही. हाताने लिहिलेला प्रत्येक 'क' थोडा वेगळा असतो. त्यातून एक वळण निवडावे लागते. 'ॲ', 'ऑ' किंवा प्रश्नचिन्ह जुन्या पोथीत नसते. ते त्याच वळणात नव्याने रेखाटावे लागते. मग मात्रा कुठे बसेल, जोडाक्षर कसे जुळेल, याच्या सूचना फॉन्टमध्ये भराव्या लागतात. असे ठसठशीत फॉन्ट मथळ्यांना शोभतात. लांबलचक मजकुरासाठी साधे, मोकळे फॉन्टच बरे.

मग अडते कुठे?

पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सारखेपणा राखणे नक्कल करणाऱ्याला जड जायचे. फॉन्टमध्ये ते आपोआप होते. पण ओळींचे अंतर रोमन लिपीच्या मापाने ठेवले, तर वेलांटीचा शेंडा कापला जातो किंवा वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. अक्षर बारीक केले, तर घरातली वडीलधारी मंडळी मोबाइल हातभर लांब धरतात. या दोन्ही अडचणी समर्थांनी बोरू आणि शाईच्या काळात ओळखल्या होत्या.

जुन्या पोथ्यांचे कागद आज खरोखरच झडत आहेत. समर्थांनी मार्जिन सोडायला सांगितले ते याच भीतीने. पोथीतली वळणे फॉन्टमध्ये उतरवण्याची धडपडही त्याचसाठी आहे : कागद गेला, तरी अक्षर राहावे.