आरमाराचे सुभेदार मायनाक भंडारी



ज्या ज्ञातीचा जन्मच लाटांच्या गर्जनेत झाला आणि जिच्या मुलांना माडावर चढणे व होडी वल्हविणे ही दोन्ही कामे पाळण्यातच शिकविली जात, अशी कोकणकिनाऱ्याची आपली भंडारी ज्ञाती आहे. एका हाती कोयता आणि दुसऱ्या हाती तलवार हे आपल्या पूर्वजांचे खरे चित्र होय. शांततेच्या काळात माडबागा राखाव्या आणि रणवाद्ये वाजली म्हणजे शस्त्र घेऊन उभे राहावे, हा त्यांचा क्रम. अशा पूर्वजांत ज्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या आरमाराचे सुभेदार मायनाक भंडारी. आपल्या ज्ञातीच्या परंपरेत त्यांना मायाजी नाईक भाटकर म्हणतात आणि रत्नागिरीजवळच्या भाट्याशी त्यांचे नाते सांगतात.

मायनाकांची थोरवी समजण्यासाठी त्या काळचा समुद्र डोळ्यांपुढे आणला पाहिजे. गोवा, चौल व वसई पोर्तुगीजांकडे होती, जंजिरा सिद्दीच्या ताब्यात होता आणि मुंबई इंग्रजांकडे आली होती. किनारा आपला, पण पाणी परक्यांचे, अशी विचित्र अवस्था होती. कल्याण-भिवंडी हाती येताच महाराजांनी आरमाराचा पाया घातला. प्रारंभी जहाजे बांधण्यासाठी पोर्तुगीज कारागीर ठेवले होते. १६५९ साली ते काम टाकून निघून गेले. परंतु काम थांबले नाही. ते पुढे नेणारे हात याच किनाऱ्यावरचे होते.

सभासदाच्या बखरीत या आरमाराचे वर्णन आले आहे. गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे, मचवे अशी नाना प्रकारची जहाजे; दोनशे जहाजांचा एक सुभा, असे दोन सुभे; एकाचे सुभेदार दर्यासारंग आणि दुसऱ्याचे मायनाक भंडारी. एक मुसलमान व एक भंडारी अशा दोन सरदारांवर महाराजांनी समुद्र सोपविला, यात त्यांची गुणग्राहकता दिसते. दर्यावर जात पाहून चालत नाही, वारा ओळखणारा माणूस पाहावा लागतो. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले आणि १६६५ च्या प्रारंभी महाराज स्वतः आरमार घेऊन बसरूरवर चालून गेले. समुद्रावर सत्ता चालविता येते, हे या मोहिमेने साऱ्या किनाऱ्याला दाखविले.

मायनाकांच्या जीवनाचा कळस मात्र खांदेरीवर चढला. मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यापासून सुमारे ५ किलोमीटरवर हे लहानसे खडकाळ बेट आहे. मुंबई बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गलबतावर तेथून नजर राहते. १६७२ साली महाराजांनी ते बांधण्याचा एक प्रयत्न केला होता, परंतु इंग्रज व सिद्दी यांच्या विरोधामुळे तो त्या वेळी सोडावा लागला. सात वर्षांनी हेच काम मायनाकांच्या हाती आले.

१६७९ च्या ऑगस्ट अखेरीस सुमारे दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन ते खांदेरीवर उतरले. पावसाळा अजून सरला नव्हता. श्रावण-भाद्रपदातला समुद्र किती लहरी असतो, हे आपल्यापैकी किनाऱ्यावरच्या कुटुंबांना सांगावयास नको. पण या लहरीपणाचाच मायनाकांनी उपयोग करून घेतला. इंग्रजांची मोठी जहाजे ज्या हवेत नांगर टाकून उभी राहू शकत नव्हती, त्या हवेत आपले मचवे दगड घेऊन बेटावर जात होते. इंग्रजांनी बेट आपले असल्याचे सांगून निघून जाण्याचा निरोप धाडला. आपल्या धन्याच्या आज्ञेवाचून आपण हलणार नाही, असे मायनाकांनी स्पष्ट कळविले आणि तटाचे काम चालू ठेवले.

सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. १९ सप्टेंबरला थॉर्प नावाचा त्यांचा लेफ्टनंट आपले शिबाड घेऊन थेट बेटाला भिडला. बेटावरून असा मारा झाला की तो व त्याचे दोन साथीदार ठार झाले आणि शिबाड आपल्या लोकांच्या हाती लागले. १८ ऑक्टोबरला दौलतखान आरमार घेऊन नागावच्या बाजूने चालून आला. त्या लढाईत इंग्रजांचे डव्ह नावाचे गुराब आपल्या हाती आले. तथापि कॅप्टन मिंचिन व केग्विन यांचे रिव्हेंज हे मोठे जहाज नेटाने लढले आणि आपल्या गलबतांना नागोठण्याच्या खाडीकडे माघार घ्यावी लागली. हे लपविण्याचे कारण नाही. त्या दिवशीच्या समुद्रावरील विजयाचा दावा इंग्रजांनी केला, पण बेट त्यांना मिळाले नाही. ते का मिळाले नाही, हाच या चरित्राचा खरा बोध आहे.

बेटावर जी दीडशे माणसे होती त्यांना रोज भात लागत होता. तोफांना दारूगोळा लागत होता, तटाला दगड लागत होता. हे सारे कोठून आले? थळ, नागाव व अलिबाग परिसरातील किनाऱ्यावरून आले. अंधाऱ्या रात्री उथळ पाण्यातून लहान मचवे वल्ह्यांवर निघत, इंग्रजांच्या जहाजांमधून वाट काढीत आणि उजाडण्यापूर्वी परत येत. आपली जड जहाजे या चपळ होड्यांना अडवू शकत नाहीत, अशी तक्रार इंग्रजांच्याच कागदांत नमूद आहे. बेटावरच्या शूरांची नावे इतिहासाने राखली. होड्या वल्हविणाऱ्यांची राखली नाहीत.

आरमार म्हणजे केवळ लढवय्ये नव्हेत. त्यामागे सारा किनारा राबत असतो. दोरांसाठी काथ्या लागतो, तो नारळाच्या सोडणांपासून निघतो. सोडणे पाण्यात कुजवून, झोडून, त्यांचा सुंभ वळण्याचे काम आपल्या घरोघरी बायकामुलांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. शिधा पुरविणे हेही युद्धच आहे, हे महाराज जाणून होते. पद्मदुर्गाच्या आरमाराला वेळेवर ऐवज व गल्ला न पुरविणाऱ्या प्रभावळीच्या सुभेदारास त्यांनी पत्र पाठवून कठोर शब्दांत जाब विचारला होता. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेची आंबा-फणसाची झाडे बळाने तोडू नयेत, असा दंडक घातलेला आहे. घरचा माणूस दुखावला तर दारावरचा पहारा ढिला पडतो, हे राज्यकर्त्यांना उमगले होते. खांदेरीला रसद मिळत राहिली याचे मर्म येथेच आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. याच काळात मुंबईतही आपले लोक शस्त्र धरून होते. गव्हर्नर जेराल्ड आंजिअर याने बेटाच्या रक्षणासाठी जे सुमारे सहाशे लोकांचे पथक उभे केले त्यात मुख्य भरणा भंडाऱ्यांचाच होता आणि माहीम, शिवडी व शीव येथे त्यांचे सुभेदार नेमले होते. मुंबई पोलिसांच्या इतिहासाचा आरंभ याच पथकापासून मानतात. म्हणजे एकाच ज्ञातीचे लोक एका बाजूस परक्याच्या पगारावर गस्त घालीत होते आणि दुसऱ्या बाजूस स्वराज्यासाठी दगड वाहत होते. पोट भरण्यासाठी केलेल्या चाकरीला मी दोष देत नाही. परंतु तीनशे वर्षांनंतरही ज्याचे नाव आपण अभिमानाने घेतो तो पगाराचा सुभेदार नव्हे, खांदेरीचा आहे. तरुणांनी याचा विचार करावा.

नोव्हेंबरात सिद्दी कासम आपले आरमार घेऊन इंग्रजांना येऊन मिळाला. तरीही खांदेरी ढळली नाही. महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे चार हजार फौज रवाना केल्याने मुंबईच धोक्यात आली आणि इंग्रजांचा धीर खचला. १६८० च्या जानेवारीत सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले. ती घेण्याच्या प्रयत्नात दौलतखान जखमी झाला व यश आले नाही. इंग्रजांनी मात्र वेढा उठविला आणि मार्चमध्ये तह करून खांदेरी महाराजांकडे राहू दिली. लगेच ३ एप्रिल १६८० रोजी महाराज निवर्तले. त्यांच्या हयातीतला समुद्रावरील हा अखेरचा मोठा लाभ होय, आणि तो ज्यांनी आपल्या हातांनी उभारला ते मायनाक भंडारी होत.

त्यांनी रचलेला तट व्यर्थ गेला नाही. १७१८ साली मुंबईचा गव्हर्नर बून याने खांदेरीवर मोठा हल्ला केला, तो कान्होजी आंग्रे यांच्या लोकांनी परतविला. १८१८ पर्यंत ते बेट इंग्रजांना मिळाले नाही. पुढे तेथे दीपगृह झाले. स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९६८ साली आपल्या एका पाणबुडीस खांदेरी हे नाव दिले आणि २०१९ साली त्याच नावाची नवी पाणबुडी सेवेत आली. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत खांदेरीही आहे.

कागदपत्रांत मायनाकांचे जे दर्शन घडते ते कामावर उभ्या असलेल्या माणसाचे आहे. ना दरबार, ना बिरुदे. समोर शत्रूची जहाजे, पायाखाली ओला खडक आणि मागे किनाऱ्यावरची आपली माणसे. अनेक वर्षे इतिहास शिकविताना मुलांना मी एवढेच सांगत आलो की, लढाई तोफेने लढतात, पण टिकते ती रसदेने. ज्ञातीच्या कार्यासही हाच नियम लागू आहे. व्यासपीठावरचे चार जण दिसतात. वर्गणी गोळा करणारे, वसतिगृहासाठी तांदूळ पाठविणारे, गरीब विद्यार्थ्याची फी गुपचूप भरणारे दिसत नाहीत. तेच आपले रात्रीचे मचवे होत.

ज्ञातिबांधवांनी एकदा तरी मुलाबाळांसह थळच्या किनाऱ्यावर जावे, समोरची खांदेरी त्यांना दाखवावी आणि मायनाकांचे नाव सांगावे. त्याचबरोबर, ज्यांची नावे कोठेच लिहिली गेली नाहीत त्या वल्हेकऱ्यांनाही हात जोडावेत. त्यांतला एखादा आपल्याच घराण्यातला असेल.