रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे


स्नेहमेळाव्याची तारीख ठरवताना आपण सगळ्यांनी एकमताने रविवार निवडला. ही सुट्टी ज्यांच्या धडपडीतून आली, ते नारायण मेघाजी लोखंडे आपल्या शेजारच्या ठाण्याचे. जन्म १८४८ चा, घरची परिस्थिती बेताची. ठाण्यात शिक्षण झाल्यावर रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. टेबलाशी बसून काम करता करता गिरणीतल्या माणसांचे हाल ते रोज पाहत होते.

तेव्हा गिरणीत विजेचे दिवे नव्हते. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा की कामही जास्त. सणावाराच्या मोजक्या सुट्ट्या सोडल्या तर हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. पगार उशिरा होई, आणि यंत्रात हात सापडला तर भरपाईची हमी नव्हती.

जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतून घडलेल्या लोखंड्यांनी १८८० मध्ये बंद पडलेले 'दीनबंधु' मुंबईतून पुन्हा सुरू केले आणि अखेरपर्यंत चालवले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला सभा घेऊन सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्यांनी सरकारकडे दिले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघाताची भरपाई, एवढेच मागणे. तरी सुट्टी मिळायला सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे १०,००० कामगार सभेला जमले. दोन स्त्री-कामगारही बोलल्या. १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्यातही साप्ताहिक सुट्टी आली.

त्याच वर्षी विधवांचे केशवपन करणार नाही म्हणून मुंबईच्या नाभिकांनी संप केला, त्यामागेही लोखंडेच होते. १८९३ च्या दंगलीनंतर सलोख्यासाठी ते झटले. सरकारने त्यांना रावबहादूर केले. १८९७ च्या प्लेगात ९ फेब्रुवारीला ते गेले, वय पन्नाशीच्या आतच. महिन्याभराने सावित्रीबाई फुलेही प्लेगनेच गेल्या.

पनवेलजवळ कोनला गिरणी कामगारांसाठी घरे बांधली गेली, तेव्हा हा इतिहास आपल्या उंबरठ्यापर्यंत आला. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात रविवारीही फोन वाजतो आणि आम्ही तो मुकाट्याने उचलतो. लोखंडे आठवले, की निदान हे कळते: सुट्टी कुणी आपणहून दिली नव्हती, ती मागावी लागली होती. टिकवायची असेल, तर पुन्हा मागावी लागेल.