संमोहनाची ताकद करणाऱ्यात नसते, हे पॅरिसला सांगणारा गोव्याचा पाद्री

हिप्नॉटिझम म्हटलं की आपल्याला स्टेजवरचा जादूगार आणि समोर हलणारं घड्याळ आठवतं. पण भीती किंवा जुनाट दुखण्यावर हिप्नोथेरपी करणारे सांगतात, थेरपिस्ट फक्त वाट दाखवतो, त्या अवस्थेत जातो पेशंट स्वतः. दोनशे वर्षांपूर्वी हेच सांगून बदनाम झालेला माणूस आपल्याच किनाऱ्यावरचा होता. जोझे कुस्तोदियो द फारिया, उर्फ आबे फारिया.

रेवदंडा, कोर्लई ही रायगडच्या किनाऱ्यावरची ठाणी 1740 मध्ये पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली. गोवा मात्र पोर्तुगीजांकडेच राहिला. तिथं कांदोळी गावात 1756 मध्ये जोझे जन्मला. आईवडिलांचं पटेना. आई मठात नन झाली, वडील पाद्री झाले. 1771 मध्ये पोराला घेऊन त्यांनी लिस्बन गाठलं. पुढे रोममध्ये शिकून पोरगाही पाद्री झाला.

गोव्यात त्याचा एक किस्सा सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि तोंडातून शब्द फुटेना. वडील मागून कोकणीत पुटपुटले, की समोर बसलीय ती सगळी भाजी आहे, कापून टाक. गडी जो सुटला तो थांबलाच नाही. किश्शात तिखटमीठ असेलही, पण दोन शब्दांनी माणसाची भीती पळते, हा त्याच्या पुढच्या कामाचाच विषय होता.

1787 मध्ये गोव्यात पिंटोंचं बंड फसलं. बापलेकांवरही संशय आला आणि जोझे फ्रान्सला गेला.

तिथं मेस्मर या डॉक्टरचं नाव गाजत होतं. आपल्या शरीरातून अदृश्य चुंबकी प्रवाह रोग्यात जातो आणि तो बरा होतो, असा त्याचा दावा. 1784 मध्ये राजाने समिती नेमली. त्यात बेंजामिन फ्रँकलिनही होते. समितीने सांगितलं, असा प्रवाहच नाही. मग काही रोग्यांना आराम कसा पडायचा?

फारियाने 1813 पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करून त्याचं उत्तर दिलं. चुंबक नाही, मंत्र नाही. माणसाला खुर्चीत निवांत बसवायचं, डोळे मिटायला लावायचे, मन एकाग्र करायला सांगायचं आणि मग झोपायचा हुकूम द्यायचा. झोप लागायची ती समोरच्याच्या एकाग्रतेने आणि विश्वासाने, फारियाच्या अंगातल्या कुठल्याही शक्तीने नव्हे. सगळंच त्याला बरोबर कळलं होतं असं नाही. पातळ रक्ताची माणसं लवकर गुंगतात, असंही तो मानायचा.

पण स्वतःच्या हातात काही नाही म्हणणारा वैद्य कोणाला हवा असतो? मेस्मरवाले चिडले, चर्चवाल्यांना यात सैतान दिसला. 1816 मध्ये रंगभूमीवर त्याची टिंगल झाली आणि गर्दी ओसरली. 1819 मध्ये पुस्तक लिहून झालं, त्याच वर्षी तो पॅरिसमध्ये वारला. थडग्यावर नावसुद्धा नाही. पुढे अलेक्झांडर द्युमाने कादंबरीतल्या कैद्याला त्याचं नाव दिलं, म्हणून जगाला ते माहीत झालं. नॅन्सीच्या डॉक्टरांनी सूचनेने उपचार सुरू केले, तेव्हा कुठे त्याला श्रेय मिळालं.

1945 मध्ये पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा उभा राहिला. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला. त्यात फारिया दोन्ही हात पसरून उभा आहे आणि समोरची बाई मागे कोसळतेय, जणू त्याच्या बोटांतूनच काहीतरी निघतंय.