गंगाखेडची संत जनाबाई व ‘मी’चें स्वरूप

‘मी’ हा शब्द लहान मूलही उच्चारतें. परंतु हा ‘मी’ कोण, हें थोरथोर तत्त्वज्ञांसही नीट सांगतां आलेलें नाहीं. ह्या प्रश्नाचा विचार करितांना गोदातीरीं गंगाखेड येथें जन्मलेल्या संत जनाबाईचें चरित्र आम्हांस फार बोधप्रद वाटतें.

जनाबाईचा काल तेराव्या-चौदाव्या शतकांतील. परंपरेप्रमाणें तिच्या पित्याचें नांव दमा व मातेचें करुंड. आई लवकरच निवर्तली, आणि पित्यानें मुलीस पंढरपुरास दामाशेटी शिंपी ह्यांच्या घरीं ठेविलें. संत नामदेव हे दामाशेटींचेच पुत्र. आई गेली, गांव सुटलें आणि जनीस नांव मिळालें तें दासीचें! दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणें, गोवऱ्या वेंचणें, ह्यांतच तिचें आयुष्य गेलें.

अशा पोरक्या मुलीचा ‘मी’ कसा घडत असेल? व्हिएन्ना येथील डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) ह्यांनीं ह्याच विषयाचें संशोधन केलें. त्यांच्या मतें मनाचा थोडाच भाग आपणांस ठाऊक असतो. दडपलेल्या इच्छा, भीति व दुःखें नेणिवेंत राहून आपणांस चालवितात. बाळपणीं ज्यांनीं आपणांस जवळ केलें किंवा अंतर दिलें, त्यांच्या ठशांनीं आपला ‘मी’ घडतो. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त ह्यांनीं विचार करणारा ‘मी’ हेंच सर्वांत निश्चित ज्ञान मानिलें होतें. त्या निश्चयास ह्या मतानें धक्का दिला. आपल्या देशांतही गिरींद्रशेखर बोस ह्यांनीं १९२२ सालीं कलकत्त्यास ह्या शास्त्राची संस्था स्थापिली.

आतां जनाबाईचे अभंग पाहावे. तिचा विठ्ठल तिच्याबरोबर जात्यावर बसतो, तिची वेणी घालतो; ती त्यास आई म्हणते, आणि रागावली म्हणजे खडसावतेही. हरपलेली माताच तिनें देवांत शोधिली, असें मनोविश्लेषक म्हणेल. तें खरेंही असेल. परंतु तहान कोठून लागली हें कळल्यानें पाणी खोटें ठरत नाहीं! ओढीचा उगम सांगणें हें शास्त्राचें काम. ती ओढ सत्याकडे नेते कीं नाहीं, हा तत्त्वज्ञानाचा निराळा प्रश्न होय.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. जगानें दिलेलें दासीपण जनाबाईनें लपविलें नाहीं. नामदेवाची दासी हीच तिनें आपल्या अभंगांची मुद्रा केली. जें नांव तिला हीन ठरवीत होतें, त्याच नांवानें तिच्या नांवावरील सुमारें ३५० अभंग आज ओळखले जातात. शके १२७२ (इ. स. १३५०) मध्यें पंढरपुरीं तिनें देह ठेविला, असें मानितात.

विद्यार्थिमित्रहो, दुसऱ्यांनीं दिलेलीं नांवें तुम्हांसही चिकटतील. आणि पालकहो, तीं देणारे पुष्कळदां आपणच असतों. घरांत रागानें उच्चारलेला एक शब्द मुलाच्या ‘मी’चा पाया होऊं शकतो, हें आपण विसरूं नये. सर्वांच्याच अंगीं जनाबाईचें बळ असतें असें नाहीं.